मीठ बंद, पाणी बंद

आमचे वैद्यबुवा वाईट नव्हते, हीच माझी त्यांच्याबद्दलची मुख्य तक्रार आहे. वाईट माणसावर मनसोक्त रागावता येतं. मनातल्या मनात चार शिव्या घालून मोकळं होता येतं. ह्या गृहस्थांवर रागवायला जावं, तर ते आपल्यापेक्षा जास्त उपाशी! मग भांडायचं तरी कुणाशी?

गिरगावातल्या आमच्या वाडीत तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या दोन खोल्यांत ते राहत. उंच, काटकुळे, अंगात बाराबंदी, खांद्यावर उपरणं. नाक असं तिखट, की दुसऱ्या मजल्यावर कुणी हिंगाची फोडणी दिली तर हे खालून सांगत, "हिंग जुना झालाय तुमचा." प्लेग यायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा गिरगावात डॉक्टर नव्हते असं नाही. पाटी लावून बसलेले होते दोघे-तिघे. माझे यजमान कचेरीत दिवसभर इंग्रजी कागद खरडत, त्यांना डॉक्टरांची नावंही ठाऊक होती. पण घरात बाईमाणसाचं दुखणं आलं की सासूबाई विचारायच्या, "वैद्यबुवा काय म्हणतात?" आणि यजमान तिथल्या तिथे सगळं इंग्रजी विसरायचे.

वैद्यबुवांचा औषधावर फारसा भरवसा नव्हता. "औषध काय, वाणीसुद्धा पुडीत बांधून देईल," ते म्हणायचे. "पथ्य सांगायला छाती लागते." आणि त्यांचं पथ्य सांगणं साधं नव्हतं. रोग्याला जे सांगायचं ते स्वतःही पाळायचं, असा त्यांचा बाणा होता. अंगावर सूज आलेला रोगी आला की त्याचं मीठ तोडायचे, त्या दिवसापासून यांचंही मीठ बंद. मधुमेहाचा आला की भात आणि गोड बंद. खोकल्याचा आला की दही, तेल, आंबट, सगळं बंद. तिघं एकदम आले म्हणजे बुवांच्या ताटात ज्वारीच्या लाह्या तेवढ्या उरायच्या. वैद्यीणबाई नळावर भेटल्या की कपाळाला हात लावायच्या. "आमच्याकडे रोगी बरा झाला की सण असतो बाई. त्या दिवशी मला चूल पेटवायला मिळते."

बरं, पाळायचं तर गुपचूप पाळावं! तसंही नाही. जेवणाच्या वेळेला बुवा काठी टेकत गॅलरीतून फेरी मारत. दारात थांबून रोग्याच्या ताटातलं एक शीत मागून घेत, जिभेवर ठेवत, डोळे मिटत. पहिल्या मजल्यावर एक कारकून होते, त्यांना लोणचं वर्ज्य होतं. त्यांनी एकदा भाताखाली लोणच्याची फोड दडवली. बुवांना वास आला. ते खाली गेले आणि त्या दिवशी जेवलेच नाहीत. कारकून संध्याकाळी खाली जाऊन त्यांच्या पाया पडले, रडले म्हणे. वाडीतले लोक भारावून सांगायचे, "काय तो त्याग!" मला विचाराल तर तो निव्वळ छळ होता. मारकुट्या मास्तरापेक्षा रडवेला मास्तर वाईट, तशातली गत.

तर माझी पाळी आली ती मी बाळंतीण झाल्यावर. माझी आई मी लहान असतानाच गेली, तेव्हा माहेरी बाळंतपणाला जायचा प्रश्नच नव्हता. सासरीच झाले. मुलगी झाली, छान टपोरी, काळ्याभोर जावळाची. सासूबाईंनी उगाच नाक मुरडलं नाही, हे त्यांचे उपकार. डिंकाचे लाडू केले, अळिवाची खीर केली, बाळंतशोपा भाजून डबी भरून ठेवली. मी दोन लाडू खाल्ले असतील नसतील, तोच माझं पोट बिघडलं. ते थांबेचना. उठावं आणि धावावं. आठवडा गेला, मग दुसरा गेला, माझ्या हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत वर चढू लागल्या. माझ्यासाठी केलेले ते लाडू पुढे कुणी संपवले ते मला चांगलं माहीत आहे. पण ते माणूस आता वर गेलंय, तेव्हा नाव घेत नाही.

सासूबाईंनी वैद्यबुवांना बोलावलं. त्या काळी सुनेनं परक्या पुरुषापुढे तोंड उघडायची रीत नव्हती. जीभ दाखवायला तेवढी मुभा होती. बुवा उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसले, मी आत बाजेवर, मध्ये सासूबाई.

"वहिनी, विचारा तिला, भूक कशी आहे?"

सासूबाई माझ्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. "भूक नाहीच तिला."

"तहान?"

"बेताचीच."

"झोप?"

"झोपते की. दुपारचीसुद्धा झोपते."

मी तिथे दोन हातांवर पडले होते. माझ्या पोटात कावळे कोकलत होते, घशाला कोरड पडली होती, आणि मी कशी झोपत होते ते माझं मला माहीत. पण सांगणार कुणाला? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

बुवांनी माझी जीभ पाहिली, मान हलवली आणि निकाल दिला. "संग्रहणी. ताकाचा कल्प करावा लागेल. गाईचं ताजं ताक, लोणी काढलेलं. सकाळी माझी पुडी. मीठ बंद, पाणी बंद, अन्न बंद. पहिल्या दिवशी नुसतं वाटी-वाटी ताक, मग रोज थोडं थोडं वाढवायचं. पोटभर झालं की तसंच हळूहळू उतरवायचं. पाणी मागितलं तर ताक द्या."

"आणि पोर?" सासूबाईंनी विचारलं. त्या सगळ्या दिवसांत त्यांनी एवढा एकच शहाणा प्रश्न विचारला.

"पोर अंगावर पिईल. कल्पातल्या आईचं दूध म्हणजे गाळून घेतलेलं. वरचं दूध एवढ्याशा पोराला पचायचं नाही, ते देऊ नका." मग उठताना, अगदी सहज, "मीही आजपासून ताकावरच आहे, तिला सांगा."

सांगायची काय गरज होती? तासाभरात सगळ्या वाडीला कळलं.

आता खरं ते सांगायला हवं, नाहीतर देव मला विचारील. माझं पोट थांबलं. चार-सहा दिवसांत थांबलं. बुवांची विद्या खोटी नव्हती. पण पोट थांबलं म्हणजे माणूस जगतं असं नाही ना! वैशाखाचे दिवस. खाली अंगणात नळ सुटायचा, बायकांच्या कळशा भरायच्या, तो आवाज ऐकत मी वर आंबट, अळणी ताकाची वाटी तोंडाला लावून बसायची. ताकानं तहान भागते असं जे म्हणतात, त्यांनी कधी ताकानंच तहान भागवून पाहिलेली नसते. माझ्या स्वप्नात पक्वान्नं येत नसत. भातावर मीठ घालून कुणीतरी मला देतंय, एवढंच स्वप्न.

त्यातच पोर कुरकुरायला लागली. सासूबाईंचं निदान तयार होतं, दृष्ट लागली. त्यांनी मूठभर मीठ-मोहऱ्या घेतल्या, माझ्या मांडीवरच्या पोरीवरून ओवाळल्या आणि विस्तवावर टाकायला आत गेल्या. त्यांच्या मुठीतून मिठाचा एक खडा गोधडीवर सांडला. मी त्याच्याकडे बघितलं. इकडे तिकडे बघितलं. आणि खाल्ला. त्या खड्याची चव मला अजून आठवते, पुढे आयुष्यात केवढी लग्नं जेवले त्यांतल्या कुठल्या जेवणाची आठवत नाही.

दिवसभर मला पाण्याचा नुसता ध्यास लागला. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी बुवांना सांगितलं, "काल सारखी पाणी पाणी करत होती हो." बुवांनी डोळे मिटले. "वहिनी, मीठ पोटात गेलंय. कल्प मोडला." आणि मग ते वाक्य, "हरकत नाही. आम्ही दोघं पुन्हा पहिल्यापासून धरू."

पहिल्यापासून म्हणजे काय ते लक्षात घ्या. रोज थोडं थोडं वाढत मी एव्हाना बऱ्यापैकी ताकावर आले होते. ते सगळं जाऊन पुन्हा आपली वाटी-वाटी! आणि खाली कोपऱ्याच्या खोलीत तो म्हाताराही वाटीवर आलेला. त्यांच्या गालाची हाडं वर आली होती. चालताना काठी कापायची. वाडीतल्या बायका मला येता-जाता सुनवायच्या, "तुझ्या एका खड्यापायी देवमाणूस वाळला गं!" वैद्यीणबाई तर तणतणत वर आल्या. सासूबाईंना म्हणाल्या, "सुनेला जीभ आवरायला सांगा. माझ्या नवऱ्याचा जीव जाईल." मी मांडीवरच्या पोरीकडे बघत होते. हिचा जीव जाईल त्याचं काय, हे माझ्या ओठांपर्यंत आलं आणि मी गिळलं. गिळायला माझ्याकडे दुसरं होतं काय!

कारण दूध आटलं होतं. पोर छातीला लागायची, दोन घोट ओढायची, सोडायची, रडायची. पुन्हा लावायची, पुन्हा सोडायची. पहिल्यांदा मोठ्यानं रडायची, वाडी डोक्यावर घ्यायची. मग तिचं रडणं बारीक होत गेलं. बायका म्हणाल्या, "चला, शांत झाली." मला मात्र त्या शांततेनं धडकी भरली. तिच्या डोक्यावर हात फिरवला तर टाळू खोल गेलेली. वरचं दूध द्यायचं नाही आणि अंगावरचं येत नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

मी यजमानांना म्हटलं, "वैद्यबुवांना सांगा ना, पोर उपाशी राहतेय."

ते खाली जाऊन आले. तोंडावर समाधान. "विचारलं मी. ते म्हणाले, मी स्वतः तेच घेतोय, तेवढंच घेतोय. मला काही झालं नाही. अशक्तपणा सोडला तर अंगात उलट हलकं वाटतंय."

मी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिले. इंग्रजी शिकलेला माणूस! वाडीत बापई माणसं काय थोडी होती? त्यांतल्या एकालाही यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. बुवांना मूलबाळ नव्हतं, त्यांचं एक वेळ समजू. पण बाकीच्यांचं काय? आणि बायकांचं? सासूबाईंनी चार मुलं अंगावर वाढवली होती. त्याही म्हणाल्या, "बघ, ते म्हातारे असून करतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा नेहमीसारखे आले. पाट टाकला. पोर माझ्या मांडीवर होती. डोळे अर्धवट मिटलेले, ओठ नुसते हलत होते.

"वहिनी, विचारा तिला, दूध येतं का?"

"येतं की," सासूबाई म्हणाल्या. "आपलं थोडं..."

मी उठले. उठताना भिंत धरावी लागली. डोक्यावरचा पदर सावरला की नाही, मला आठवत नाही. सासूबाईंच्या बाजूनं गेले, उंबरा ओलांडला आणि पोर बुवांच्या मांडीवर ठेवली. गॅलरीत दोन-तीन बायका होत्या, त्या जागच्या जागी थांबल्या.

"वैद्यबुवा," मी म्हटलं, "दूध येत नाही. काल नाही, परवाही नाही. तुम्ही माझ्याबरोबर मीठ सोडलंत, पाणी सोडलंत, अन्न सोडलंत. मी मोडलं तर तुम्ही पहिल्यापासून धरलंत. सगळं केलंत. एवढं एकच राहिलंय. आता हिला पाजा."

"अगं अवदसे!" सासूबाई आतून ओरडल्या.

मांडीवरच्या पोरीला बुवांनी कसंबसं दोन्ही हातांनी धरलं. पोरांना धरायची सवयच नव्हती त्यांना. आणि त्या वेडीनं काय केलं, तोंड वळवलं त्यांच्या छातीकडे. बाराबंदीचा एक बंद लोंबत होता तो तिच्या ओठांना लागला. तिनं तो तोंडात धरला आणि चोखायला लागली. चोखला, चोखला, मग सोडून दिला आणि रडायचं तोंड केलं. आवाज आलाच नाही.

बुवांचं बोट तिच्या टाळूवर गेलं. तिथेच थांबलं.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"अहो, ते परवा जरासं..." सासूबाईंनी सुरुवात केली.

"वहिनी, तुम्ही थांबा." त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा."

मी सांगितलं. किती वेळा लावते, किती ओढते, लंगोट दिवसात कितीदा ओला होतो आणि आता कसा होतच नाही, रडणं कसं बारीक होत गेलं. सगळं सांगितलं. मला बोलताना धाप लागत होती. ते ऐकत होते आणि त्यांचं बोट पोरीच्या टाळूवरून हलत नव्हतं.

"मला कसं कळणार होतं?" ते म्हणाले. माझ्याशी नव्हे, कुणाशीच नव्हे. "माझ्या अंगात आटायला होतं काय?"

मग मात्र म्हातारा हलला. आधी मला पाणी द्यायला सांगितलं. मऊ भात टाकायला सांगितला, मीठ घालून. वैद्यीणबाईंना हाक मारून खालून गाईचं दूध मागवलं. ते उकळून, त्यात पाणी घालून चोचीच्या बोंडल्यानं पोरीच्या तोंडात थेंब थेंब सोडलं. सासूबाई म्हणाल्या, "पण कल्प मोडेल हो!" बुवा म्हणाले, "मोडू द्या." गच्च दात आवळून म्हणाले. मी पाण्याचं भांडं दोन्ही हातांत धरलं होतं आणि रडत होते, आणि पीत होते.

मला वाटलं होतं, हा माणूस एकदा वरमला की माझा राग जाईल. छे! राग तसाच राहिला, उलट अंगात बळ आल्यावर वाढला. पोरीनं बोंडल्यातलं दूध बाहेर न टाकता पोटात ठेवलं, तेव्हा वाढला. तिची टाळू हळूहळू भरून आली, तेव्हाही वाढला. इतकं सोपं होतं तर इतके दिवस का? मी त्या दिवशी जे बोलले त्याचा मला आजही पस्तावा नाही. सासूबाई पुढे कित्येक दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत, त्याचाही नाही.

बुवा रोज सकाळी यायचे. पुडी चालू होती, पोट ताळ्यावर होतं. आता ते सासूबाईंना ओलांडून सरळ मलाच विचारायचे, आणि वाडी त्याचीही चर्चा करायची. दूध परत येत होतं, पण चोरपावलांनी. एक दिवस ते म्हणाले, "आणखी काय खावंसं वाटतं?"

बाळंत झाल्यापासून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "मुडदुशे."

मुडदुशे म्हणजे वीतभर लांबीचे, मऊ, रुपेरी मासे. आम्ही मासे खाणारी माणसं, आमच्यात बाळंतिणीला ते आवर्जून देतात. बुवा मात्र कांद्याचा वास आला तरी तोंड फिरवणारे. ते पाटावर चुळबुळले.

"पोटाला जड नाहीत?"

"नाहीत. आजाऱ्यालासुद्धा देतात."

"बाळंतिणीला का देतात?"

"दूध येतं म्हणून."

"तुम्हांला येईल?"

"खाल्ल्यावर सांगते," मी म्हटलं. एव्हाना माझी जीभ चांगलीच सुटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या वाडीनं न भूतो असा देखावा पाहिला. वैद्यबुवा वाडीच्या तोंडाशी काठी टेकून उभे. उपरणं नाकाला लावलेलं. वरळीहून येणारी कोळीण टोपली घेऊन आली तशी त्यांनी काठी आडवी केली. "बाई, ते... बाळंतिणीचे मासे आहेत का तुझ्याकडे?"

कोळणीनं टोपली उतरवली, कमरेवर हात ठेवले. "अरे भटा, तू कवापासून मावरं खाया लागलास?"

गॅलऱ्या हसून लोळायच्या बाकी राहिल्या. वैद्यीणबाई दारातून ओरडल्या, "अहो, आता हेही पाळणार की काय?" बुवांचे कान लाल झाले. पण ते तिथून हलले नाहीत. कोळणीनं मासे दाखवले, त्यांनी दुसरीकडे बघत विचारलं, "ताजे आहेत?" "ताजं नाय तर काय, हात लावून बघ!" ते ऐकून दोन पावलं मागे सरले. सासूबाईंनी खाली जाऊन मासे घेतले, तोवर राखणीला उभे राहिले.

सासूबाईंचा राग असला तरी हात चांगला होता, हे मान्य करायलाच हवं. ओलं खोबरं, हळद, दोन आमसुलं, बेताचं मीठ. मुडदुशांचं पातळ सार आणि मऊ भात. मी दाराशी टेकून बसले, पोर पिऊन माझ्या मांडीवर झोपलेली. बुवा उंबऱ्याबाहेर पाठ करून उभे होते, उपरणं नाकाशी. कशाला आले होते? जायचं ना खाली! पण नाही. हा त्यांचा रोगी होता आणि रोग्याच्या ताटातलं आपल्याला चाखता येत नाही, हे त्यांच्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं.

"सूनबाई," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "हे मला पाळता यायचं नाही. कसं वाटतंय, ते तुम्हीच सांगा."

आतून सासूबाई म्हणाल्या, "बरं वाटतंय हो तिला."

"मी त्यांना विचारतोय," बुवा म्हणाले.

माझ्या तोंडात घास होता, आणि मला कसलीच घाई नव्हती. ते तसेच उभे राहिले.